खूप वर्षांनी परत बाईकवर बसताय? कागदांपासून घाटापर्यंत सगळं

बाईक एकदा आली की विसरत नाही असं सगळे म्हणतात आणि ते अर्धं खरंय. क्लच कसा सोडायचा, गिअर कसा टाकायचा हे हातापायांना आठवतं, पाच-दहा मिनिटांत हात बसतो. पण कॉलेजात आरएक्स हंड्रेड नाहीतर स्प्लेंडर पळवलेला माणूस, मग लग्न मुलं नोकरी आणि कार यात पंधरा-वीस वर्षं गेली, तो परत बसतो तेव्हा खरी अडचण डोळ्यांची असते. डोळ्यांना कारची सवय लागलेली असते हो. कारमध्ये बसून रस्त्यावरची वाळू, ओला पांढरा पट्टा, मॅनहोलचं झाकण कोण बघतं? आणि बाईकवर नेमकं तेच बघायचं असतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात ही कारची सवय मोडण्यावर जास्त भर आहे. ज्या बायका लुना, कायनेटिकवर वाढल्या आणि आता गिअरची गाडी घ्यायचं म्हणतायत त्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे, त्यांनी फक्त मैदानावर जास्त वेळ द्यायचा.

आधी कागद

सगळ्यात कंटाळवाणं काम पण पहिलं हेच करा. लायसन्स काढून तारीख बघा. जुन्या नियमात लायसन्स २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं, म्हणजे १९९८ ला काढलेलं २०१८ लाच संपलं, आणि कित्येकांना हे पत्ताच नसतं. संपून एक वर्षाच्या आत असाल तर सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) रिन्यूअल होतं, चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १-ए भरून घ्यावा लागतो. वर्षाच्या वर गेलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. आणि पूर्वी संपल्यावर ३० दिवसांची सूट असायची ती २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली, त्यामुळे "महिनाभर चालतं रे" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर ते बहुतेक वेळा ऑनलाइन सापडत नाही, ज्या आरटीओतून काढलं होतं तिथे आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून, घ्यावी लागते, यात वेळ जातो म्हणून गाडी घ्यायच्या आधीच सुरू करा.

अजून एक, लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी लिहिलंय ना ते बघा, म्हणजे गिअरवाली दुचाकी. काहींकडे फक्त कारचं असतं किंवा विनागिअरचं असतं आणि ते वर्षानुवर्षं सगळं चालवत असतात, अपघात झाला की मग इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो.

जुनी गाडी घरातच पडून असेल तर आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) बघा. १५ वर्षं झाली की री-पासिंग, म्हणजे परत नोंदणी, करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि वर ग्रीन टॅक्स. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्यायचीय, तिचं बुकिंग ऑनलाइन होतं. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते आता नसतील तर वारस म्हणून नावावर करून घ्यायचा फॉर्म ३१ असतो, हे लोक टाळत राहतात आणि पुढे विकताना अडकतात. इन्शुरन्स बंद पडून ९० दिवसांच्या वर गेले असतील तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असं समजा. थर्ड पार्टी तरी पाहिजेच, त्याशिवाय गाडी चालवत गेटबाहेर काढू नका, अगदी गॅरेजपर्यंतसुद्धा ढकलत न्या.

आता स्वतःचं पासिंग

यावर कुणी बोलत नाही. चाळिशी-पन्नाशीत डोळे बदललेले असतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) असेल तर खालच्या भागातून पाय टेकायची जागा धुरकट दिसते, आणि थांबताना पाय खडीवर पडला की गाडी कलंडते. रात्री समोरच्या लाईटभोवती खूप पसारा दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. मान दोन्ही बाजूंना वळवून बघा, खांद्यावरून मागे दिसतंय का? कारमध्ये तीन आरशांवर भागतं, बाईकवर लेन बदलताना मान वळवावीच लागते.

गुडघा, कंबर, मनगट यांचं काय ते तुम्हाला माहीत. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते हे मात्र लक्षात ठेवा, कारमध्ये डुलकी आली तर एसी आणि सीटबेल्ट तरी असतो. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी सकाळची राईड नको.

गाडी कुठली

इथे माझं मत ठाम आहे, पहिली गाडी हलकी घ्या. सगळ्यांना परत येताना डायरेक्ट मोठी गाडी पाहिजे असते कारण तेव्हा परवडत नव्हती आणि आता परवडते. पण आकडे बघा. आरएक्स हंड्रेड साधारण शंभर किलोची आणि ११ एचपीची होती. आजची क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो. ट्रायम्फ स्पीड ४०० ला जवळपास ४० एचपी आहे, म्हणजे तुमच्या आठवणीतल्या गाडीच्या साडेतीन पट. ही गाडी वाईट नाही, उलट फार गुणी आहे, पण तुमचा उजवा हात अजून १९९५ मध्येच आहे ना.

मित्राची स्प्लेंडर, शाईन असलं काहीतरी दोन-तीन महिने चालवा. ११२ किलोची गाडी पार्किंगमध्ये कलंडली तर एकट्याने उचलता येते आणि आरसा सोडून काही तुटत नाही. सेकंडहँड घेतली तर विकताना फार नुकसानही होत नाही. मोठी नवी घ्यायचीच असेल तर एवढं बघून ठेवा की सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के आहे. शोरूममध्ये बसून दोन्ही पाय टेकतात का बघा, आणि नुसतं बसून नको, गाडी मागे ढकलून बघा. पार्किंगमधून रोज तेच करायचंय.

नव्या गाड्यांत काय बदललंय ते पटकन सांगतो. चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही, म्हणजे "रिझर्व्ह"वर टाकणं पण नाही, काटा बघायचा. टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, आतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. हेडलाईटचं बटण शोधू नका, २०१७ पासून तो गाडी चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो, समोरचे लोक हात करून "लाईट चालूय" सांगायचे ते आता कमी झालंय. बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, शोरूमच्या बाहेर पहिल्या दिवशी अर्धे लोक तिथेच घाम गाळत असतात, नाहीतर उजव्या हाताचं लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंद राहिलेलं असतं. किक बऱ्याच गाड्यांना नसते आणि बॅटरी पार मेली तर फ्युएल इंजेक्शनची गाडी धक्क्यावर पण चालू होत नाही.

गिअरचं पण बघा. जुनी बुलेट चालवलेल्यांचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता, आता सगळीकडे उलटं. स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडतात, बाकी बहुतेक गाड्यांना पहिला खाली आणि उरलेले वर. घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला जाणं हे बुलेटवाल्यांचं जुनं दुखणं आहे, त्यांनी मैदानावर दुप्पट वेळ काढा.

घरातली जुनी गाडी जिवंत करायची असेल तर

लगेच किक मारू नका. प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, मागचं चाक गिअरमध्ये हाताने हळूहळू फिरवून बघा अडकतंय का. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, वास व्हार्निशसारखा येत असेल तर कार्बोरेटर खोलून साफ करावाच लागणार. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं निघणं हे आपल्याकडे अगदी कॉमन आहे, तेही बघा. ऑइल, प्लग, बॅटरी, सगळ्या केबल, ब्रेकचे लायनर, पेट्रोलचे रबरी पाइप हे न विचारता बदला.

२०२३ पासून पंपावर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी साठून गंज धरतो आणि जुने रबर फुगतात. यावर उपाय साधा आहे, गाडी दर आठवड्याला चालवा, आणि उभी ठेवायचीच असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. आरएक्सवाल्यांनी टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलचा पंप आणि नळी नीट चेक करून घ्या, ऑइल गेलं नाही तर पिस्टन जागेवर धरतो. पुण्यात असाल तर स्पेअरसाठी नाना पेठ आहेच, जुना पार्ट हातात घेऊन जा, नाव सांगून चुकीचा येतो.

टायरवर खोल नक्षी दिसली म्हणून फसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर दिसायला नवा असला तरी कडक झालेला असतो, ओल्या रस्त्यावर तो सरकतो. डिस्क ब्रेक असेल तर ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, पडून राहिलेल्या गाडीत ते नक्कीच बदललेलं नसणार.

हेल्मेट

आयएसआयचा शिक्का, हनुवटीचा पट्टा आणि मापाला घट्ट. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट धरून हलवलं तर कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटं हलता कामा नये. माळ्यावरचं जुनं काढू नका, आतला थर्मोकोल पाच-एक वर्षांत बाद होतो, आणि एकदा जोरात आपटलेलं बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या. काच स्वच्छ पाहिजे, काळी काच संध्याकाळनंतर घातक आहे. हातमोजे घ्याच घ्या, पडताना माणूस पहिला हात टेकतो. घोट्यावर येणारे बूट. जॅकेट लांबच्या राईडला. पूर्वी आपण चप्पल घालून गावभर फिरायचो हे आठवून आता काही उपयोग नाही.

मैदान

हा भाग टाळला जातो आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. शाळेचं मैदान, सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचा रिकामा रस्ता, सोसायटीचं अजून रिकामं असलेलं नवं पार्किंग, काहीही चालेल. दोन-तीन रविवार सकाळी तास-तासभर द्या.

आधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकला, आठ आकड्यात फिरवा, मेन स्टँडवर लावा आणि उतरवा. हसू येईल पण गाड्या पडतात त्यातल्या बऱ्याच उभ्या-उभ्याच पडतात. पडली तर हँडलला धरून कंबरेने ओढू नका. इंजिन बंद, गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा आणि जमलं तर गिअरमध्ये ठेवा, मग पाठ गाडीकडे करून खाली बसा, एक हात हँडलला एक मागच्या ग्रॅबरेलला (मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा), आणि पायांच्या जोरावर मागे-मागे चालत उचला.

मग चालण्याच्या वेगाने गाडी. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर लांब. पाय खाली न टेकता वीस-तीस पावलं एवढं अंतर जितक्या हळू कापता येईल तितकं हळू. आपलं ट्रॅफिक म्हणजे हेच तर असतं, सिग्नलच्या रांगेत सरकणं. दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा, वळताना बाटलीकडे बघाल तर बाटलीवरच जाल, जिकडे जायचंय तिकडे मान वळवा. खड्ड्याचंही असंच, खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी बरोब्बर खड्ड्यात.

आता ब्रेक. आपल्या पिढीला घरी शिकवलंय की पुढचा ब्रेक दाबलास की तोंडावर पडशील, त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर गाडी थांबवत आलेत. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या चाकात असते, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा आधी हलका मग वाढवत न्यायचा, आणि हँडल सरळ असताना. २० च्या स्पीडने करा, मग ३०, मग ४०. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर कोरड्या सरळ रस्त्यावर मुद्दाम जोरात दाबून बघा, लिव्हर थरथरतं, त्याला घाबरून सोडायचं नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आहे पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, आपल्या गाडीत कसं आहे ते विचारून घ्या.

एक हिशोब डोक्यात ठेवा. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तुम्हाला काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही एका एसटीच्या लांबीपेक्षा जास्त पुढे गेलेले असता. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. पंचविशीत जो सेकंद लागायचा तो आता जरा मोठा झालाय हे धरूनच चालायचं.

शेवटी, ३० च्या पुढे गाडी हँडल वळवून वळत नाही. डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकं पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे झुकते. आपण सगळे हे नकळत करतच असतो, पण मुद्दाम करता आलं तर अचानक समोर कुत्रं आल्यावर वाचता.

रस्त्यावर

पहिले काही दिवस रविवारी सकाळी साडेसहा-सात. मग साधा दिवस अकराच्या सुमाराला, मग ऑफिसची गर्दी, मग रात्र आणि सगळ्यात शेवटी पाऊस, याच क्रमाने. सुरुवातीला भीती असते म्हणून माणूस सांभाळून जातो, गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा हात मोकळा होतो आणि जुना कट मारायचा मूड परत येतो पण नजर अजून तयार झालेली नसते.

नजरेची प्रॅक्टिस म्हणून एक करा, चालवताना मनातल्या मनात बोलत राहा. पुढे वाळू, रिक्षा थांबणार, उभ्या कारमध्ये माणूस आहे म्हणजे दार उघडेल, स्कूलबस, पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाची लोखंडी प्लेट ओली. आठवड्याभरात डोळे आपोआप खाली-वर बघायला लागतात. आणि कार इतकी वर्षं चालवल्याचा एक फायदा तुमच्याकडे आहे जो विशीतल्या पोरांकडे नाही, कारवाल्याला कुठून काय दिसत नाही हे तुम्हाला पक्कं माहितीय. त्याच्या मागच्या दाराच्या रेषेत रेंगाळू नका. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. सिग्नलला पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटू नका, गिअरमध्ये थांबा आणि मागून येणारा थांबतोय का हे आरशात बघा.

नवीन त्रास पण आहेत. इलेक्ट्रिक स्कूटर आवाज न करता बाजूने येते, आपल्याला आवाजावरून अंदाज घ्यायची सवय होती ती आता चालत नाही. डिलिव्हरीवाले राँग साइडने येतात. एलईडीच्या हायबीमने डोळे दिपतात, तेव्हा लाईटकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीकडे बघायचं. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा, गळ्याला जाड कापड किंवा नेक गार्ड बांधाच, यात लाजायचं काही नाही. उसाच्या सीझनला सातारा-सांगली-कोल्हापूरकडे अंधार पडल्यावर जोड ट्रॉल्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, शिवाय रस्त्यावर सांडलेला ऊस. शक्यतो त्या भागात सूर्यास्ताच्या आत पोचा. आणि जूनमधल्या पहिल्या पावसाचा पहिला तास चहा प्या, वर्षभराचं ऑइल आणि धूळ रस्त्यावर लोण्यासारखी पसरलेली असते.

मुंबई-पुण्याकडच्यांनी हेही लक्षात घ्या की मधल्या काळात जे मोठे रस्ते झाले त्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर बाईकला बंदी आहे. एक्सप्रेसवेवर तर आधीपासून होतीच, पण सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, समृद्धी, सगळीकडे नाही. मॅप्समध्ये टू-व्हीलर मोड लावा, कारच्या मोडवर राहिलात तर तो थेट बंदीच्या रॅम्पवर नेऊन सोडतो आणि तिथून यू-टर्न नसतो.

घाट आणि मागे बसणारं माणूस

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची जुनी सवय असेल तर ती पहिली सोडा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. टू-स्ट्रोकवरून आलेल्यांना हे नवीन वाटेल कारण तिथे एक्सिलरेटर सोडला तरी गाडी फारशी अडत नसे. वळणाच्या आधी स्पीड कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, आणि आपल्या लेनच्या आतच, समोरून वळण कापून येणारी कार असणारच असं धरून. पहिल्यांदा कात्रजचा जुना घाट सारखं काहीतरी जवळचं करा, मग ताम्हिणी. वरंध पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, निघायच्या आधी चौकशी करा. ग्रुपमध्ये जाणार असाल तर आधीच सांगा की मी माझ्या स्पीडने येणार, चहाला भेटू. जो ग्रुप यावर हसतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

घरच्यांना मागे बसवायची घाई नको, एकट्याने पावसात आणि रात्री नीट चालवता येईपर्यंत थांबा. मागे वजन आलं की थांबायला अंतर जास्त लागतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हळू वळताना गाडी एकदम जड वाटते, त्यामुळे पहिली चक्कर सोसायटीच्या आतच मारा. बायकोला किंवा मुलाला सांगा की मी दोन्ही पाय टेकून हो म्हटल्यावरच चढायचं-उतरायचं, वळणात माझ्या खांद्यावरून वळणाच्याच बाजूला बघायचं, ओढणी-पदर आत खोचायचा, आणि हेल्मेट त्यांनाही. मागच्या टायरची हवा दोघांसाठी वेगळी असते, आकडा बऱ्याचदा चेनच्या कव्हरवर नाहीतर मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, ती पंपावर टायर गार असताना भरून घ्या आणि मग निघा.